विषय क्रमांक चार

सभा सातला होती, सुरू झाली पावणेआठला,
घाटपांडे आल्यावर. मग आम्ही सात झालो
आणि खाऱ्या दाण्यांचा पुडा फिरला.

विषय एक, रिंगची जाळी.
विषय दोन, पाण्याची टाकी.
विषय तीन, दिव्यांचं बिल. ते मी दर महिन्याला वाचून दाखवतो
आणि दर महिन्याला कुणीतरी विचारतं, एवढं?
विषय चार, प्रज्योत ओव्हाळ,
वय एकोणीस, उंची सहा फूट चार, ताडीवाला रोड.

चेन्नईचा संघ त्याला पस्तीस हजार देतोय,
राहणं-खाणं वेगळं.
आपण ओढूनताणून बारा.
ते बारा तरी कुठून, हे मला विचारा,
मी खजिनदार आहे.

घाटपांडे म्हणाले, आपण घडवला त्याला.
हे वाक्य मी कसाला लावून पाहिलं.
काय दिलं आपण?
बुटांचा एक जोड, तोही लोखंडे डॉक्टरांच्या मुलाचा, अर्धा नंबर लहान.
घोट्याला क्रेप बँडेज.
उन्हाळी शिबिराची फी माफ, म्हणजे अर्धी.
बाकीचं तो घरून घेऊन आला होता :
ते मनगट,
आणि उडी मारल्यावर खाली यायची
अजिबात घाई नसणं.

मर्झबान म्हणाला, अरे पण डावा गुडघा बघितला काय तेचा?
दोन सीझन. पुढे खोदायजी जाणे.
बारा गुणिले चोवीस,
दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, मी पुडक्यावर मांडलं.
तेवढ्यात अख्ख्या कोर्टाला नवा रंग लागतो.
वृंदा शिरोळे म्हणाल्या, आणि मुलींच्या संघाला काय सांगू?
त्या मागच्या वर्षी जिंकून आल्या
एसटीने, उभ्याने.
यावर कुणी काही बोललं नाही.
दाणेही संपले होते.

पायंडा शोधायला म्हणून मी जुनं प्रोसिडिंग बुक काढलं.
सत्त्याऐंशी साल, अर्जदार मारुती बिडकर,
मागणी दरमहा साठ रुपये, दुधासाठी.
'मानधनाने खेळाची अब्रू जाते, सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे.'
सूचक म्हणून सही माझी.
अक्षर तेव्हा किती वळणदार होतं.

बिडकर मग खडकीच्या कारखान्यात लागला.
परवा बँकेत भेटला, हयातीच्या दाखल्याच्या रांगेत.
म्हणाला, साहेब, तुम्ही नाही म्हणालात ते बरंच झालं,
पेन्शन तरी आली.
हे मनापासून होतं की टोमणा,
कळायच्या आत रांग सरकली.
त्याला मागच्या माणसापेक्षा
खांद्यापासून वर डोकं होतं, अजूनही.

मतं तीन-तीन पडली. सातवं माझं.
मी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं,
'विषय क्र. ४ पुढील सभेत घ्यावा.'
पुण्यात हे वाक्य नकाराच्या आधी येतं.
होकाराच्या आधी आल्याचंही
एक-दोनदा आठवतं मला.

सगळे गेल्यावर कुलूप लावताना
अंधारात चेंडू आपटल्याचा आवाज आला.
दिवे मीच बंद केले होते, बिलापायी.
तरी तो टाकत होता, रिंगच्या अंदाजाने,
आणि जाळी नसल्यामुळे
गेला की नाही हे फक्त त्यालाच कळत होतं.

मी खटका दाबला.
चार दिव्यांपैकी तीन लागले, फडफडत,
मीटर फिरायला लागलं.

किती हवेत रे तुला, मी विचारलं.
मला विचारायचं होतं ते वेगळं होतं.
तो कपाळ पुसत म्हणाला,
अजून चाळीस, सर. मग जातो.

जातो म्हणू नये, येतो म्हणावं,
हे ओठांवर आलं होतं, आईच्या आवाजात.
मी किल्ली खिशात ठेवली
आणि पायरीवर बसून
मोजायला लागलो.