प्रश्न नाहीत

अपिलाच्या कोर्टात माणूस येत नाही,
त्याचे कागद येतात.
चौदा खंड, आणि शेवटी परिशिष्ट क:
व्हर्लीन टटल, वय एकाहत्तर,
शाळेच्या बसची निवृत्त चालक, अलाबामा.

ती मागच्या बाकावर बसलीय, निळ्या कोटात.
आज तिला कोणी बोलावलेलं नाही.
तेव्हाही नव्हतं.

तेव्हा ती पॅसेजमध्ये होती, सकाळी साडेआठपासून,
पर्समध्ये दोन सँडविच.
एक वकिलासाठी,
बिचारा फार घाईत दिसला म्हणून.
मिस्टर प्रुएट दोनदा तिच्यासमोरून गेले.
दुसऱ्यांदा म्हणाले, एक्स्क्यूज मी.

आत, खंड अकरा, पान चारशे बारा:
फाशी की जन्मठेप, सुनावणी सुरू.
बचावाला काही विचारायचंय?
प्रश्न नाहीत.
पुढचा साक्षीदार.
प्रश्न नाहीत.
टायपिस्टनं इमानानं टिपलंय,
जांभई तेवढी टिपता येत नाही.

आता तीन न्यायाधीश, पंधरा-पंधरा मिनिटं.
मधला विचारतो, अगदी सौम्यपणे:
समजा, ही बाई बोलली असती,
तर निकाल वेगळा लागला असता?

आत्याबाईला मिशा असत्या तर, म्हणत
आपण हसून विषय संपवतो.
इथे विषय तिथूनच सुरू होतो.
लव्हॉनचा जीव त्या 'तर'ला टांगलाय.

परिच्छेद सहा मीच टाइप केला होता:
पोरगा थंडीत अनवाणी यायचा.
मी माझ्या मुलाचे जुने बूट सीटखाली ठेवले.
सकाळी घालायचा.
संध्याकाळी उतरताना काढून
स्वतःच परत सीटखाली सारायचा,
टाचा भिंतीकडे.
घरी नेले तर विकतील म्हणायचा. सात वर्षांचा.

सरकारी वकील म्हणते,
बुटांनी खुनाचं वजन कमी होत नाही.
खरंय. पेट्रोलपंपावरच्या त्या बाईलाही नाव होतं,
जोएटा फिंच. व्हर्लीन दर रविवारी
दोघांसाठी प्रार्थना करते, आधी जोएटासाठी.

लाल दिवा लागला. वेळ संपली.
निकाल राखून ठेवला.

बाहेर तिनं मला एवढंच विचारलं,
तो बुटांचा भाग त्यांनी वाचला ना?
वाचला असेल, मी म्हणाले.

ती बाकावर टेकली. वकील भराभर बाहेर पडत होते.
कुणीतरी म्हणालं, एक्स्क्यूज मी.
तिनं पाय आत घेतले.