मीठ वाहणारी गाडी

दिवाळी सरली की अजनीच्या मालधक्क्यावर
मिठाच्या वाघिणी लागतात.
एकशे साठ गोण्या एका खेपेला,
आणि एकेकीच्या शिवणीतून
चिमूट चिमूट गळतंच.
एवढ्यानं काय होतं, असं वाटतं.
मग शिवनीच्या वाटेवर रात्री दव पडतं.

दिवसा लोखंड गप्प असतं.
कन्हानचा पूल ओलांडताना धुकं वर येतं
आणि फळ्यांखालचं मीठ पाणी प्यायला लागतं.
सकाळी चेसिसवर नारिंगी डाग दिसतात.
नागपूरची गाडी, लोक हसतात,
संत्री भरली होती का रे?

गाडी सत्त्याऐंशीची. मी तिसरा मालक.
पारडीचा भंगारवाला भेटला की किलोचा भाव सांगतो,
मी विचारलेला नसतो.

वाडीत धरमकाट्यामागे मुनीर मिस्त्रीचं दुकान आहे.
त्याला मी म्हटलं, रंग मारून दे, फिटनेस आहे पुढल्या महिन्यात.
तो चहा प्यायला आधी. मग म्हणाला,
"रंग कोनाले पायजे? आरटीओले का गाडीले?
गंज मरत नाही बे. रंगाखाली बसून जेवते."

तर तीन दिवस खेप नाही.
गरम पाण्यानं धुतली, मिठाचा कण राहू नये म्हणून
कोपऱ्याकोपऱ्यात बोट घालून चाटून पाहिलं मी.
दरवाज्यांच्या पोटातली भोकं
झिबलनं सायकलच्या तारेनं मोकळी केली,
आतून काळं पाणी आलं, एक मेलेलं झुरळ आलं,
आणि चार आण्याचं नाणं.
मग नुसतं ऊन.
"धुऊन वली ठेवशीन तं न धुतलेली बरी,"
मिस्त्री दर तासाला सांगून गेला.

तिसऱ्या दिवशी हातोडी.
ठोकत जायचं, कान देऊन.
टण आलं, पुढं सरक.
टण. टण.
क्लीनरच्या पायाशी आलो
आणि आवाज आला थप,
ओल्या लाकडावर मारल्यासारखा.

रबर उचललं, ब्रश लावला.
माझा निळा गेला, त्याखालचा पोपटी गेला,
त्याखाली एक ठिगळ निघालं,
तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं.
'शुद्ध' एवढं अक्षर अजून वाचता येत होतं.
बारा रिव्हेटा, सारख्या अंतरावर.
कडा घासून गुळगुळीत, पायाला लागू नयेत म्हणून.
एक कोपरा तेवढा उघडला होता.
मिस्त्रीनं तिथून बोट आत घातलं,
बोटाला ग्रीस लागलं,
ओलं.

कितीक वर्षं त्याच्यावरून पाय गेले.
जिथं कोणी बघणार नाही तिथं
कोणीतरी आधी ग्रीस भरलं आणि मग झाकलं.
मिस्त्री बोट पुसायला विसरला.
"हा मानूस घाईत नव्हता," म्हणाला.

आरसी बुक काढून पाहिलं मी घरी.
त्यात मालकांची नावं आहेत,
बँकेचं नाव आहे,
हातांचं कुठंच नाही.

"काढू का?" झिबलनं विचारलं होतं.
राहू दे म्हटलं.
कोपरा कापला, नवा पत्रा जोडला,
खाली ग्रीस भरलं, थोडं जास्तच.
चेसिसला जळकं तेल, त्यात वितळवलेल्या मेणबत्त्या.
दोन दिवस गल्लीत वास होता,
इंदूनं माझं ताट अंगणात वाढलं.

मंगळवारी परत अजनी.
यंदा गोण्यांखाली ताडपत्री, कडा वर दुमडून,
मिठाला परातीत ठेवावं तसं.
हमाल म्हणाले, मीठ हाय का बाळंतीण?

मनसरच्या पुढं धुकं उतरलं.
वायपर किरकिरत होता.
झिबल दर हिवाळ्यात पाय सीटवर घेऊन बसायचा,
"खालून वारा येते," म्हणायचा,
मी म्हणायचो, वयात आलेल्या पोराला कसली थंडी.
बराच वेळ तो बोलला नाही म्हणून पाहिलं.
पाय खाली, ठिगळावर, पसरलेले,
तोंड उघडं.
घोरत होता.