पंच्याहत्तर

पेटी उघडली तर आत जुन्या मेणाचा वास,
तंबाखूची चुरगळलेली पुडी
आणि पितळी पट्टीवर कोरलेलं : जर्मनी.
"बघ," सटवाजी मास्तर म्हणाले,
"जगात जर्मनी, भारतात परभणी,
अन् दोन्हींचं लग्न माझ्या छातीवर."

मला यातलं काही येत नव्हतं.
मी स्टेशन रोडला मोबाईलच्या काचा बदलते,
वर बोर्ड अजून अब्बांचाच, रेडिओ दुरुस्तीचा.
मास्तरांना अकॉर्डियनमध्ये मिडी हवं होतं.
सून सिव्हिलला नर्स, रात्रपाळी करून दिवसा झोपते,
घरात पेटी काढायची सोय नाही.
म्हटलं, करून बघू,
बनी तो बनी, नहीं तो...
"पुढचं म्हणू नको नुजहत," ते हसले,
"आपण तिथंच बसलोय."

एक्केचाळीस पट्ट्या.
प्रत्येकीच्या पोटाखाली मसुराच्या डाळीएवढं चुंबक,
समोर सेन्सर, तीन पाय, तीन वायरी.
एप्रिलात पंखा लावावा तर सोल्डर गार,
न लावावा तर घाम थेट बोर्डावर.
भात्यासाठी दाबाचा सेन्सर मिळेना,
तो सुनेनं आणून दिलेल्या बीपीच्या
बंद पडलेल्या मशीनमधून काढला.
कुणाकुणाचं रक्त मोजून थकलेला,
आता मास्तरांची हवा मोजू लागला.

जोडलं. स्क्रीनवर आकडे पळाले,
त्रेपन्न ते त्र्याण्णव, पट्टीला एक.
मास्तरांच्या कानात सनई, बासरी, मधेच सतार,
आम्हाला बाहेर नुसती बोटांची टकटक
आणि पट्ट्याच्या चामड्याची कुरकुर.

चौऱ्याहत्तर, शहात्तर, चौऱ्याहत्तर, सत्त्याहत्तर.
पंच्याहत्तर येईना.
दोन तासांत एकदाही नाही.
चुंबक उलटं बसलं असेल,
वायर तुटली असेल, माझंच चुकलं असेल.
खोललं. परत डाग दिला.
मग माझंच बोट ठेवलं त्या काळ्या पट्टीवर.
आलं की! ठणठणीत.

मास्तरांनी इअरफोन उपटला, कानात विंचू शिरल्यासारखा.
"ती वाजायली?"

"भूकंपाच्या दुसऱ्या साली
जिंतूरच्या उतारावर टेंपोतून पेटी पडली.
त्या एका सुराच्या पात्या गेल्या.
कलकत्त्याहून मागवायच्या होत्या,
राहिलं.
मग तिला वळसा घालूनच वाजवत आलो.
लोक म्हणायचे, काय ढब आहे मास्तरची!
पोरं ढब शिकली.
मानवतचा एक तर नवी कोरी पेटी घेऊनही
तिथं बोट नेत नाही."

मी चहा सांगायला गेले.
चहा मागच्या गल्लीत मिळतो,
मी पुढच्या चौकात गेले.

आल्यावर फाईल पाहिली.
बराच वेळ फक्त अकरा नंबरच्या ओळी, म्हणजे भाता :
वीस, चाळीस, साठ, परत वीस.
हवा येतेय, जातेय, सूर कुठलाच नाही.
मग पंच्याहत्तर.
जोर, एकशे सत्तावीसपैकी, नऊ.

आवाज कुठला लावलाय म्हणून बघितलं.
सनई नाही, सतार नाही.
अकॉर्डियन.

"मास्तर, कप गार व्हायलाय."
त्यांना ऐकू गेलं नाही.