पडद्याचा लिलाव

शाळा बंद झाली, त्या मार्चमध्ये लिलाव झाला.
बाकं गेली, बास्केटबॉलचे बोर्ड गेले,
स्वयंपाकघरातलं शंभर माणसांचं पातेलं गेलं,
आणि दुपारी तीनला, लोक गाड्यांकडे निघालेले असताना,
पडदा.

लाल मखमल. अठ्ठावीस फूट.
खालचा काठ उंदरांनी खाल्लेला.
लिलाववाला म्हणाला, काय करणार कुणी याचं?
खरंच, काय करणार.

मी घरोघरी गॅसच्या टाक्या भरतो.
नेब्रास्कातल्या चारशे बारा वस्तीच्या या गावात
प्रत्येक घराचं मागचं दार मला ठाऊक आहे.
पोस्टाच्या मागच्या खोलीत आर्डिथ कूलमानच्या तबकड्या वाजायच्या,
न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांच्या, टपालाने मागवलेल्या.
ती न्यूयॉर्कला कधी गेली नाही.
ओमाहाला दोनदा गेली, दोन्ही वेळा दाढेसाठी.
पण कुठल्या गाण्यात बासरीवाला कुठे दम घेतो
हे ती पत्रांवर शिक्के मारता मारता सांगायची.

दरवर्षी जूनअखेर, गहू पिवळा पडला की, आमचं नाटक.
नायक कायम डेल्बर्ट स्कोग्लंड. दिवसभर धान्याच्या कोठारावर;
घशात भुसा, वरचा सूर लागायचा नाही,
मग आर्डिथ पियानोवर तोच सूर असा ठोकायची
की चूक पियानोची वाटावी.
नायिका, त्या वर्षी जिला दिवस गेलेले नसतील ती.
समुद्र म्हणजे निळी ताडपत्री,
दोन पोरं आडवी पडून टोकं हलवायची.
खरा समुद्र पूर्वेला गेलं तर हजार मैल,
पश्चिमेला गेलं तरी हजार.
तिसरी घंटा मधल्या सुट्टीचीच.
ती झाली की दोर माझा.
सव्वीस वर्षं मी नाटक बाजूनेच पाहिलं;
आमच्या सगळ्या नायिका मला एका कानाने आठवतात.

एक वर्ष मात्र समोरून पाहिल्यासारखं आठवतं.
दुसरा अंक. डेल्बर्ट निरोपाचं गाणं म्हणत होता
आणि पत्र्यावर गारा आल्या.
आधी मूठभर, मग कुणी खडीचा ट्रक ओतावा तशा.
गहू उभा होता. कापणीला नऊ दिवस.
दीडशे माणसांनी वर पाहिलं, मग एकमेकांकडे,
आणि कुणी उठलं नाही. उठून करणार काय होतं?
डेल्बर्टचे ओठ हलत होते.
आर्डिथचे हात पट्ट्यांवर पळत होते.
सूर एकही नाही. आम्ही ते गाणं नुसतं बघितलं.

गाणं संपलं, मग थोड्या वेळाने गारा.
पन्हळीतून पाणी पडत राहिलं.
शेवटच्या रांगेतून एल्रॉय वीबे,
ज्याचं अख्खं शेत पश्चिमेला, जिथून ढग आला होता,
घसा साफ करून म्हणाला,
वन्समोर.

कुणी हसलं नाही.
डेल्बर्टने आर्डिथकडे पाहिलं.
तिने पान मागे उलटलं.
वरचा सूर त्या रात्री लागला की नाही
यावर न्हाव्याच्या दुकानात अजून दोन तट आहेत.
मी सांगणार नाही.

तर लिलाव. एल्रॉयच्या नातवाने, गेलनने, हात वर केला.
अकरा डॉलर.
कापणीयंत्रावर घालायला, धूळ फार बसते म्हणाला.
आर्डिथ घडीच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स.
म्हणाली, डावीकडची शिवण उसवलीय, बघून घे.
पियानो कुणी घेतलाच नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याच्या टाकीचा नंबर आला.
घरी कुणी नव्हतं. गोठ्याचं दार सताड उघडं,
आत लाल मखमल, वर तुळईला बांधलेली.
दोर तोच. गाठही माझीच,
गेलनला सोडवता आली नसावी, तशीच ठेवली होती.
मी रस्त्याकडे पाहिलं. कुत्र्याकडे पाहिलं.
आणि ओढला.

सर्रकन गेला. हात विसरले नव्हते.
मागे हिरवं यंत्र, दात्यांत अडकलेलं काड,
त्यावर कुठल्या तरी फटीतून आलेलं चारचं ऊन.
बघत उभा राहिलो.
कुत्रा खाली बसला.

मग पडदा लावला, गाठ मारली.
टाकी ऐंशी टक्के भरली, नियमाप्रमाणे.
बिल दाराच्या कडीत खोचलं.