एकच माईक

अल्बमचं नाव 'गवत'.
एफएमवाल्या पोरीनं विचारलं,
"ब्लूग्रास म्हणजे निळं गवत ना? मग निळं काऊन नाही ठेवलं?"
प्रमुदित म्हणाला, "मे महिन्यात हिरवं तरी दाखवा आधी."
ती हसली, जाहिरात लागली,
कूलरची, अर्थात.
आमची साडेतीन मिनिटं अशी गेली.

मग सुमोच्या टपावर माझा बास,
गोधडीत गुंडाळून, सुतळीनं आवळून.
कामठी नाक्यावर हवालदार म्हणाला,
"मॅडम, वर बॉडी आहे का?"
म्हटलं, बॉडीच आहे,
सागाची मान, प्लायवुडचं पोट,
लकडगंजच्या सुतारानं केलेली.
त्यानं गोधडीत हात घालून एक तार ओढली
आणि हात झटकन मागं घेतला,
आतून कोणी हुंकार दिल्यासारखा.

टेकचंदचं मँडोलिन ऐकलं की
गोळीबार चौकातला त्याच्या बापाचा माग ऐकू येतो.
माग लाकडाच्या भावात गेला,
खटखट तेवढी पोरानं ठेवून घेतली.
आणि यामिनी, अजनीच्या रेल्वे क्वार्टरातली,
अकरा वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात
विदाईच्या वेळी व्हायोलिन वाजवून वाजवून
आता कोणी रडणार नसेल तिथं
कितीही कमी पैशात यायला तयार.

नियम आमचा एकच: माईक एकच.
ज्याची पाळी त्यानं पुढं यायचं,
वाजवायचं, खांदा वळवून मागं सरायचं,
कोणाच्या पायावर पाय न देता.
हे आम्हाला स्टेजवर जमतं.
सुमोत नाही.

भंडाऱ्यात सदुसष्ट माणसं,
काटोलात सात, त्यातले दोन मंडपवाले.
चव्वेचाळीस डिग्रीत तारा गाण्यागणिक उतरायच्या,
आम्ही त्या चढवत राहायचो,
लोकांना वाटायचं हेच गाणं आहे
आणि एकदा तर त्यालाच टाळ्या पडल्या.

सगळीकडे एक प्रश्न ठरलेला.
"बेंजो म्हणता, मग बटणं कुठं आहेत?"
प्रमुदित समजावून सांगायचा:
हा वेगळा, हा अमेरिकेचा, याला कातडं असतं.
कधी सांगायचा नाही
की बटणांचा बेंजो त्याच्या बापानं
तीस वर्षं जयंतीच्या स्टेजवर वाजवला.

शेवटचा प्रोग्राम इंदोऱ्यात, समाजभवनात.
पोस्टरवर निळं गवत वाचून
अर्धी वस्ती निळे दुपट्टे घालून आली.
आम्ही घाबरलो. त्यांनी तिसऱ्या गाण्याला ताल धरला.
चौथ्याला एक म्हातारा उठला,
सुखदेवकाका, बापाचा जुना जोडीदार,
काखेत उशीचा अभ्रा.
अभ्र्यातून बेंजो काढला.
एका फुटक्या बटणाच्या जागी
शाळेच्या शर्टाचं पांढरं बटण डकवलेलं.
प्रमुदितनं ते पाहिलं.
बोलला काहीच नाही, सूर मिळवायला लागला.

पण बेंजो बसून वाजवायचा,
आणि माईक आमचा हनुवटीएवढा.
टेकचंदनं स्क्रू फिरवला,
माईक खाली आणला, आणखी खाली,
मग सतरंजी ओढून आम्ही सगळेच बसलो.
मी सोडून. बास कुठं बसतो?
वरून मला फक्त डोकी दिसत होती,
चार काळी, एक पांढरं,
आणि मधे तो माईक,
शेकोटीसारखा.

किती वेळ वाजलं ते नक्की माहीत नाही.
कूलरमधलं पाणी संपलं होतं एवढं आठवतं.

नंतर टेबलापाशी एक बाई आली,
नऊवारी, हातात पर्स.
"केवढ्याला?"
"दोनशे."
"यात ते आहे का, काका बसल्यावरचं?"
"ते नाही. अल्बम मार्चमध्येच झाला."
"मग राहू द्या," ती म्हणाली,
आणि मला पाण्याची बाटली देऊन गेली.

दोन खोकी तशीच परत.
स्टँडचा स्क्रू त्या उंचीवर जाम झालाय.
रविवारी सावनेर आहे,
टेकचंद रोज म्हणतो, तेल घालतो,
तेल घालतो.