बूट

सोसायटीच्या बैठकीत मी हात वर केला नव्हता,
हे आधीच सांगते.
बाकीच्यांनी केला. मग चर्चच्या तळघरातून टेबल आलं,
आइलीच्या भावाकडून गादी,
आणि औलू नगरपालिकेची बाई
बर्फ झटकत किल्ली घेऊन.

वेइक्कोचे अकरा हिवाळे
कुणाच्या जिन्यात, बसस्थानकात गेलेले.
इथंही तो दाराशीच झोपायचा, जमिनीवर,
बूट घालून.
काढले की जातात, म्हणाला.
गादी तशीच, प्लॅस्टिकात.

मी नुसता पडदा दिला. जुना,
एका बाजूनं विटलेला.

काल रात्री जिना चढताना पाहिलं:
टपालाच्या फटीवर त्याचं आडनाव,
आणि दाराबाहेर, पायपुसण्यावर,
बूट.

पहाटेपर्यंत मीच
दोनदा उठून बघून आले,
आहेत ना.