धुवणाचं पाणी

शहापुरात पेढ्या उघडायच्या आत
आबा गटारीपाशी उकिडवे बसलेले असायचे.
पत्र्याची पाटी, काथ्याचा कुंचा,
सराफांच्या उंबऱ्यातली कालची धूळ.
शाळेत विचारायचे, वडील काय करतात?
मी म्हणायचे, सोन्याचं काम.
खोटं नव्हतं.

मनगट असं फिरायचं त्यांचं
की माती काठावरून आपसूक निघून जायची
आणि जड तेवढं तळाला राहायचं.
मग पारा, मग चूल,
मग आईने आम्हाला अंगणात काढणं.
एवढं करून गुंजभर. कधी तेही नाही.

आता माझं यंत्र मिनिटाला बारा हजार फेरे घेतं
आणि मी झाकणावर हात ठेवून उभी असते,
जशी काही पाटी माझ्याच हातात.
त्याआधी उकळतं पाणी, त्यात सोन्याचा क्षार,
वरून लिंबाच्या आंबटाचं मीठ.
पिवळं फिकं पडतं, मग काळवंडतं,
मग एकाएकी आमसुलाच्या सारासारखं लाल.
फरशी पुसता पुसता मल्लव्वा थांबते:
"बंगारा? केंप ऐतल्ल!"
इतकं बारीक केलं ना मावशी,
की सोन्याला स्वतःचा रंगही सांभाळता येत नाही.

त्या कणांवर मी औषध चढवते,
औषधावर एक पातळ झूल,
यकृताने ओळखू नये म्हणून.
रक्तातून जावं आणि गाठीपाशीच उतरावं.
मेंदूच्या वेशीवर मात्र नाका आहे
कोगनोळीपेक्षा कडक.
तिथे कण कागद दाखवत उभे राहतात
आणि बहुतेक परत येतात.
मेंदू माझा विषय नाही. माझ्या प्रबंधात गाठ आहे.
हे मी आबांच्या हातांकडे न बघता म्हणते.
पाऱ्याने हलणारे हात.
कप बशीवर वाजतो,
आमच्या घरात सकाळ तशीच कळते.

परवा त्यांना प्रयोगशाळेत नेलं.
कुपी हातात दिली, लाल पाणी थरथरलं.
खिडकीशी जाऊन उन्हात धरली, हुंगली.
"वजन किती भरंल?"
गुंजेच्या शंभराव्या हिश्शाइतकंही नाही, आबा.
हसले नाहीत.

यंत्र थांबलं. नळीच्या तळाचा गडद ठिपका ठेवून
वरचं पाणी मी बेसिनमध्ये ओतणार, तर
"थांब गे."
गुडघ्यावर हात देऊन वाकले,
बेसिनखालचा पाईप चाचपत भिंतीपर्यंत गेले.
"हे कुठं जातंय?"
बळ्ळारी नाल्यात, बहुतेक.
"किती वरसं सोडूलीस?"
चार.

ओठांत हिशेब चालला होता.
हात नेहमीसारखेच हलत होते.
"उद्या पाटी आणतो," म्हणाले.